हलकं चाक

मिस्त्रीने स्टीलचं फ्लायव्हील दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आदळलं. टेबलावरचे पाने खणखणले. मग शेजारी अ‍ॅल्युमिनियमचं ठेवलं, ते एकाच हाताने.

"उचलून बघा, भाऊजी. मग बोला."

भाऊजींनी उचललं नाही. शर्टाची बाही सांभाळत ते दारातच उभे राहिले. नाकाने कांदे सोलणारी माणसं मिस्त्रीने पुष्कळ पाहिली होती, पण बहिणीच्या नवऱ्याची तऱ्हाच न्यारी. गॅरेजात येऊन हा माणूस कधी कशाला टेकला म्हणून नाही.

गाडी जॅकवर होती, गिअरबॉक्स खाली काढलेला. क्लचप्लेट झिजली होती, ती बदलली की काम संपलं. पण भाऊजींना त्याबरोबर इंजिनामागचं हे जड चाकही बदलायचं होतं. हलकं चाक घातलं की गाडी पळते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं मिस्त्रीच्या अगदी ओठांवर आलं, पण त्याने ते गिळलं. कारण गाडी ताईची होती. वडिलांनी जाण्यापूर्वी तिच्याच नावावर केलेली. ताईला इतक्या वर्षांनी पुन्हा नर्सची नोकरी मिळाली होती, डोंगरापलीकडच्या रुग्णालयात, रात्रपाळीची. त्या वेळेला तिकडे बस जात नाही. सोमवारपासून ती याच गाडीने जाणार होती.

"स्टीलचं जड असतं, ते जोर धरून ठेवतं," मिस्त्री म्हणाला. "क्लच सोडताना चुकलात तरी गाडी सांभाळून घेते. हे हलकं कुणाचं ऐकून घेत नाही. सिग्नलला बंद पडेल. चढावर थांबवलीत की बंद पडलीच म्हणून समजा. शर्यतीत ठीक आहे हो, घरच्या गाडीला कशाला?"

"म्हणजे सवय नसेल त्याला चालवताच येणार नाही?"

"हात बसेपर्यंत रडवेल."

भाऊजी तेव्हा पहिल्यांदा हसले. दोन पावलं आत आले आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाला त्यांनी बोट लावलं.

"मग हेच बसव."

मिस्त्रीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ताईने नोकरीला जाऊ नये, असं हा गृहस्थ तोंडाने कधीच म्हणणार नव्हता. चारचौघांत तर तो, मी हिला कधी अडवलंय का, असं विचारून मोकळा व्हायचा. आता अडवायचं काम गाडी करणार होती, आणि ते चाक सख्ख्या भावाने आपल्या हाताने बसवायचं होतं. मिस्त्रीला त्या माणसाची किळस आली.

"मी नाही बसवणार."

"नको बसवूस. नाक्यावरचा बसवेल."

"तो? त्याला बोल्ट कुठला किती आवळायचा ते तरी कळतं का? चाक सुटून उद्या कुणाच्या पायात यायचं."

"मग तूच बसव," भाऊजी शांतपणे म्हणाले. "बहिणीची काळजी आहे ना तुला."

संध्याकाळी ताई चालत आली. मिस्त्रीने तिला सगळं सांगितलं, मनातली शिवीसुद्धा ठेवली नाही. ती भडकेल, निदान रडेल तरी, असं त्याला वाटलं होतं. ती ऐकत होती आणि बाहेरच्या चढाकडे बघत होती.

गॅरेज रस्त्याच्या खालच्या अंगाला होतं. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी तो खडा चढ चढूनच बाहेर पडायची. वडील होते तेव्हा गाड्या वर नेऊन लावायचं काम ताईचं होतं. क्लच घसरणारे खटारे असोत की पिकअप नसलेला मरतुकडा टेम्पो, वडील चावी तिच्याच हातात द्यायचे. मिस्त्रीला ती कधी मिळाली नाही, आणि त्याचा राग त्याच्या मनातून अजून गेलेला नव्हता.

ताईने हलकं चाक उचलून पाहिलं.

"यांनी असली गाडी कधी चालवलीये?"

"कुठली! आहे तीच मागे घेताना भिंत शोधतात."

"मग बसव. त्यांनी सांगितलंय ना."

"ताई, सोमवारी तू जाणार कशी?"

"बोल्ट नीट आवळ."

"तुझी अक्कल गहाण पडलीय," मिस्त्री तोडून बोलला. नवऱ्यापुढे मानच तुकवायची होती तर नोकरी कशाला मागितली हिने? ताई निघून गेली. दोन दिवस तो चरफडत काम करत राहिला, पण बोल्ट मात्र त्याने पुन्हा पुन्हा तपासून आवळले. गाडी फिरवून बघायला काढली, तर त्याच्या हातूनसुद्धा फाटकातच बंद पडली.

सोमवारी संध्याकाळी दोघं आले. ताईच्या खांद्याला कामावरची पिशवी होती. चावी भाऊजींनी घेतली.

"ही गाडी आता हिला झेपायची नाही," ते म्हणाले. "मीच सोडत जाईन हिला. जमेल तेव्हा."

ताई शेजारच्या सीटवर बसली. मिस्त्रीने तिच्याकडे बघितलंही नाही.

गाडी निम्मा चढ चढली आणि आचका देऊन बंद पडली. भाऊजींनी पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी ती मागे घरंगळली आणि गॅरेजातूनच मागोमाग निघालेल्या टेम्पोने कर्कश हॉर्न दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मिस्त्रीला वाटलं आणि त्याला मनापासून बरं वाटलं. भाऊजींनी हँडब्रेक ओढला. टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून बघत होता.

ताई उतरली. वळसा घालून पलीकडे गेली आणि तिने ड्रायव्हरचं दार उघडलं.

"उतरा. मागचे खोळंबलेत."

भाऊजी बसून राहिले. टेम्पोने पुन्हा हॉर्न दिला, तेव्हा ते उतरले. ताई आत बसली. ते गाडीच्या मागून दुसऱ्या दाराकडे निघाले आणि त्यांचा हात दाराला लागायच्या आतच इंजिन किंचाळलं. गाडीने एक हिसका दिला आणि सरळ चढून गेली. वर पोचल्यावर ती डोंगराच्या बाजूला वळली. मागून टेम्पोही गेला.

भाऊजी चढ उतरून खाली आले. बुटांना धूळ लागली होती.

"वर थांबली असेल ती," ते म्हणाले. "माझ्यासाठी थांबेल ना?"

मिस्त्री स्टीलचं चाक खोक्यात ठेवत होता.

"हलकी आहे ना, भाऊजी. थांबवली की बंद पडते."

भाऊजी रस्त्याकडे बघत उभे राहिले. मिस्त्रीने त्यांना बसा म्हटलं नाही.