न सापडलेले सरासरी बाळ

मित्रांनो, माझ्या मांडीवर जो तो रडतो. त्यात माझा दोष नाही. माझे ताट पत्र्याचे आहे आणि पत्रा गार लागतो. बाळांच्या दवाखान्यातला मी जुना वजनकाटा. नवा होतो तेव्हा माझा पांढरा रंग बघत राहावा असा होता. आता पोपडे निघालेत, पण काटा अजून खोटे बोलत नाही.

मी वजन सांगतो आणि गप्प बसतो. त्या आकड्याचा अर्थ माणसे लावतात, आणि तिथेच घोळ होतो.

एकदा एक आई आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन आली. मागच्या खेपेला नर्सताई सहज म्हणून गेली होती, "सरासरीपेक्षा थोडी कमी आहे हं." आईने ते 'नापास' असे ऐकले. तेव्हापासून उठता-बसता पाजून तिने दोघींचा जीव मेटाकुटीला आणला होता. पोर मात्र माझ्या ताटात खुशाल पाय नाचवत होती. मला फार आवडली ती.

"डॉक्टर, हिला काही मोठं दुखणं तर नाही ना?" आईने विचारले.

डॉक्टरबाईंनी मुलीला नीट तपासले. मग बाकावर बसलेल्या आयांची त्याच वयाची बाळे एकेक करून माझ्यावर ठेवली. सगळी वजने मिळवली, बाळांच्या संख्येने भागली आणि सरासरी फळ्यावर लिहिली.

"आता एवढ्याच वजनाचं बाळ मला उचलून द्या."

सगळ्या आयांनी शोधले. कुणी थोडे वर, कुणी थोडे खाली. नेमके तेवढे एकही नाही.

"अगं बाई, मग ते बाळ गेलं कुठं?" एका आजींनी विचारले.

"जन्मालाच नाही आलं," डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांनी त्या मुलीला पुन्हा माझ्यावर ठेवले. "सरासरी सगळ्यांची मिळून असते, आजी. काहीजण तिच्याखाली असायचेच. हिचं मागचं वजन बघा, आजचं बघा. वाढतंय ना? खेळतेय ना? मग झालं तर."

तेवढ्यात पोरीने माझे ताट ओले केले.

"घ्या, आता आणखी कमी भरेल," आजी म्हणाल्या, आणि खोलीभर हशा पिकला. त्या दिवशी माझ्यापाशी ती आई रडली, पण हसता हसता.

मित्रांनो, वजन करण्याआधी माझे ताट पुसा, काटा शून्यावर आणा. आणि आकडा वाचून झाला की ताटातल्या बाळाकडेही बघा.