हाल

केरूने ट्रेलर वर्कशॉपच्या दारात लावला, चावी काढली, तरी तो खाली उतरेना. समोर खैरुद्दीन चटई अंथरत होता. आखातातल्या मुसफ्फा भागातल्या या वर्कशॉपचा हा म्हातारा बलुची वॉचमन. बाहेरून कुणीही आलं की त्याला बसवून हाल विचारायचा. कुठून निघालास, वाटेत कोण भेटलं, सगळं पहिल्यापासून. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, सांगणाऱ्याने खोटं बोलायचं नाही, ही त्यांची रीत. केरू एरवी वैतागायचा. दापोलीचा हा गडी बातमी एका वाक्यात सांगून मोकळा होणारा.

आज मात्र ते एक वाक्यही जड होतं. काल खोर फक्कान बंदराला माल घेऊन निघताना म्हाताऱ्याने तिथे राहणाऱ्या थोरल्या भावाची, आजारी दिलमुरादची, खबर आणायला सांगितली होती. आज सकाळी केरू त्या घरी पोचला तेव्हा जनाजा उठत होता. कुणाशी न बोलताच तो परतला होता.

"बैठ. हाल दे."

केरू बसला. पंक्चर सांगितलं, डोंगरातला रस्ता सांगितला, पोर्टच्या गेटवरची लाइन तर दोनदा सांगितली. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. आता तरी विचार रे बाबा, म्हणजे सुटेन एकदाचा, असं केरूला झालं.

"और भाई के घर गया. ठीक है वो, चाचा. थोड़ा खांसी है. सलाम बोला है."

बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

खैरुद्दीनने थर्मासमधला चहा ओतून त्याच्यापुढे सरकवला.

"अब मेरा हाल ले."

येणाऱ्याचा ऐकला की आपला द्यायचा, हीही रीतच. पहाटेची नमाज, नळाला न आलेलं पाणी, गेटवर अडकलेला सिमेंटचा ट्रक. आवाज संथ होता.

"बारा बजे ऑफिस में फोन आया. दिलमुराद के लड़के का."

केरूचा कप तोंडाशीच थांबला. उठून पळावंसं वाटलं, पण हाल चालू असताना उठता येत नव्हतं.

"सुबह दफन किया, बोला. कंधा देने को आदमी कम था, एक हिंदुस्तानी ड्राइवर ने दिया. ट्रेलर मुसफ्फा का था." म्हाताऱ्याने डोळे पुसले नाहीत. "बोला, चाचा, वो मिले तो मेरी तरफ से माफी मांगना. हमारे घर से चाय पिए बिना गया."