एक काना जास्त

फोन मी घेतला. सून बाळाला पाजत होती आणि माझा नेमाचा जप चालू होता. मणी ओढता ओढताच ऐकलं. तीन महिन्यांच्या नातीच्या तोंडाभोवती लाल चट्टे उठले होते, केस झडत होते, म्हणून रक्त तपासायला दिलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईच्या दुधात जस्त उतरत नाहीये, बाळाला रोज जस्त द्यायचं, चिठ्ठी दवाखान्याच्या खिडकीवर ठेवलीय, आजच न्या.

मी त्यात एक काना घातला. दूध जास्त उतरत नाही, जास्त द्यायचं. आईच्या दुधाला चिठ्ठी कसली, म्हणून हसलेसुद्धा. आणायला कुणाला पाठवलंच नाही.

मग अकरा दिवस सुनेला तासातासाला पाजायला बसवलं. तिचा डोळा लागला की टोचायचे, लेकीपेक्षा झोप लाडकी झाली का गं? ती बिचारी निमूट उठायची. दुधाला तोटा नव्हता. बाळ पोटभर प्यायचं आणि वाळत जायचं. बाराव्या दिवशी ताप छातीत उतरला. दवाखान्यात दोन दिवसांत सगळं संपलं.

डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलं. जस्त, म्हणजे झिंक, पेशीतून आपोआप आतबाहेर करत नाही. ते वाहून नेणारे हमाल असतात. सुनेचा, दुधात जस्त पोचवणारा हमाल जन्मापासून अधू. तिला त्याचा काही त्रास नाही, पण बाळाची कातडी फुटते, जंतूंशी झुंजायचं बळ राहत नाही. एवढं ऐकून सून उठून बाहेर गेली. पुढचं मी आणि मुलानेच ऐकलं. रोजचं चमचाभर औषध पुरलं असतं. फोनवर सांगितलं होतं, चिठ्ठी का नेली नाहीत?

मुलाने माझ्याकडे पाहिलं. वाटेत एवढंच म्हणाला, तिला सांगू नकोस, आई.

घरी तिचं दूध आटेना. ती पिळून काढत होती, भांडं मी धरलं होतं.

"आई, माझं दूधच खोटं निघालं."

गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण ते पाप तिच्या पदरी कसं टाकू?

"दुधाची खोट औषधाने भरून निघाली असती, पोरी. फोन मी घेतला होता. जस्तचं मी जास्त ऐकलं."

ती हळूच म्हणाली, "आणि झोप मला लाडकी होती."

तिने माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.