पंचवीस सेकंदांचा थांबा

माझ्या आईला कुणाच्याही घरातून निघायला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास "बरं, येते हं" म्हणाल्यानंतरचा. आधीच्या गप्पा यात धरलेल्या नाहीत. उठताना एक विषय निघतो, चपला घालताना दुसरा, आणि एक पाय उंबऱ्याबाहेर पडला की खरी महत्त्वाची गोष्ट आठवते. लोक नमनाला घडाभर तेल घालतात. आमच्याकडे निरोपालाच घडा लागतो. लहानपणी मी लोकांच्या दारात उभ्या उभ्या झोपलेली आहे.

अशा बाईच्या हातात एका रेल्वेच्या थांब्याचं नशीब यावं, याला काय म्हणावं?

मी लाइट रेलच्या ऑफिसात वेळापत्रक विभागात काम करते. कोणती गाडी कुठे किती सेकंद थांबते, ते हातात घड्याळ धरून मोजायचं आणि तक्त्यात भरायचं, हे माझं काम. लाइन सध्या जुन्या कापड गिरणीपाशी संपते. गिरणीच्या पलीकडे गेल्या दहा वर्षांत इतकी वस्ती वाढली, की सकाळी आठ ते अकरा तिथल्या रस्त्यावर गाड्या धावत नाहीत, मुक्काम करतात. म्हणून लाइन पुढे न्यायचं ठरलं. नवे आठ थांबे आखले, रूळ पडले, फलाट बांधले. आणि मग कुणीतरी बेरीज केली, तर प्रवास दोन मिनिटांनी लांबत होता. एक थांबा गाळायचा, असं वर ठरलं. गाळायच्या यादीत पहिलं नाव आई-बाबांच्या गल्लीचं होतं. कारण लिहिलं होतं, "वयस्क वस्ती. चढण्यास विलंब." आईला मी ते वाचून दाखवलं नाही.

बरीच पत्रं गेल्यावर साहेबांनी एक संधी दिली. गल्लीतले कमीत कमी बारा लोक, तीन फेऱ्या. दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत प्रत्येक वेळी पंचवीस सेकंदांच्या आत. एकदा जरी सव्वीस झाले, तरी थांबा गेला.

मी साहेबांना सरळ सांगितलं, "सर, ती माझ्या आई-वडिलांची गल्ली आहे. घड्याळ दुसऱ्या कुणाला द्या."

"तुलाच देतो," साहेब म्हणाले. "परक्याच्या आईला घाई करायला माझ्या माणसांची जीभ रेटत नाही. शिवाय दुसरं घड्याळ माझ्याकडे असेल."

थांबा गेला असता तर पुढचा थांबा सव्वा किलोमीटरवर, मोठा रस्ता ओलांडून. मला, तुम्हाला, तो काही लांब नाही. बाबांना तो चंद्राइतका लांब.

बाबा शाळेत खेळाचे शिक्षक होते. सगळी गल्ली त्यांना सर म्हणते. सव्वा वर्षापूर्वी झटका आला आणि उजवा पाय गेला. गेला म्हणजे आहे तिथेच, पण सांगितलेलं ऐकत नाही. हॉस्पिटलात व्यायामाला आठवड्यातून दोनदा जायचं होतं. अंतर नऊ किलोमीटर, लागायचा दीड तास. गाडीत अवघडून पाय लाकडासारखा व्हायचा. दोनदा तर अर्ध्या रस्त्यातून परत यावं लागलं. तिसऱ्या वेळी बाबा म्हणाले, "पुरे." तेव्हापासून ते व्हरांड्यातल्या खुर्चीतून उठले नव्हते. बोलणंही कमी झालं होतं. नव्या लाइनवर हॉस्पिटल सातवा थांबा, सतरा मिनिटं.

पंचवीस सेकंदांची अट मी घरी सांगितली, तेव्हा बाबांनी बऱ्याच महिन्यांनी मान वर केली.

"बारा माणसं? पंचवीस सेकंदांत? माझं घड्याळ कुठंय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या अंगणात खडूने दार आखलं गेलं. रुंदी मी ऑफिसातून मोजून आणली होती. उंबऱ्याला एक फळी टाकली. बाबांनी गळ्यात शिट्टी अडकवली, हातात जुनं स्टॉपवॉच घेतलं आणि खुर्चीतूनच हुकूम सोडायला सुरुवात केली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं नसावं, फक्त उंटाला हात टेकायला दोन दांड्या होत्या.

पहिल्या दिवशीची वेळ: चौऱ्याण्णव सेकंद.

कारणं पाहा. कोपऱ्यावरचे टेलरकाका दारापाशी पोचले आणि बाजूला सरून म्हणाले, "आधी बायका." बायका म्हणाल्या, "आधी बाबागाडी." बाबागाडीवाली वहिनी म्हणाली, "छे, याला आत्ताच डोळा लागलाय, तुम्ही व्हा पुढे." औषधाच्या दुकानवाले काका म्हणाले, मग मी जातो, आणि गेले, त्याबरोबर सगळ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते परत बाहेर आले. या सगळ्यात आई एक पाय फळीवर आणि एक पाय बाहेर ठेवून मागच्या काकूंना विचारत होती, "तुमच्या गुडघ्याचं काय म्हणाले हो डॉक्टर?"

बाबांनी शिट्टी वाजवली. "काय लग्नाच्या पंगतीत आलात का? आग्रह कसले करता? सभ्यपणा आत जाऊन करा! टेलर, तुम्ही पहिले. आत शिरलात की सरळ पलीकडच्या खिडकीला. दारात उभा राहील त्याला मैदानाला पाच फेऱ्या."

"मैदान कुठंय सर?"

"गल्लीला मारा!"

पंधरा दिवस हे चाललं. चौऱ्याण्णवचे साठ झाले, साठाचे चाळीस. बाबागाडी आडवी न घालता सरळ घालायची, पिशवी खांद्याला नाही तर पोटाशी धरायची, हे शोध लागले. आईचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. तिला शेवटच्या क्रमांकावर ठेवलं तर ती मागे वळून आमच्या घराकडे बघायची. "गॅस बंद केलाय ना मी?" बाबा ओरडायचे, "गाडी सुटली! तुझ्या गॅसमुळे बारा माणसांचा थांबा गेला!" आणि आई सगळ्यांसमोर ऐकून घ्यायची. गेल्या सव्वा वर्षात त्यांनी तिच्यावर ओरडणंसुद्धा सोडलं होतं. ते परत आलं, याचाच तिला आनंद होता. मला ती तसं स्वयंपाकघरात म्हणालीसुद्धा. वर डोळे पुसले, आणि म्हणाली कांदा होता. कांदा टोपलीत होता.

शेवटी वेळ एकोणीसवर आली. मग सतरा. लोक म्हणाले, "आता बास की सर, पंचवीसची तर अट आहे." पण आई ऐकेना. आता तीच सगळ्यांना रोज संध्याकाळी हाकारे घालून गोळा करायची, आणखी एक सेकंद काढा म्हणायची. ही बाई, जिने आयुष्यात कधी सेकंदाचा काटा बघितला नव्हता, ती पोळ्या लाटताना तोंडातल्या तोंडात एक-दोन-तीन मोजायला लागली. मी चिडवलं, "आई, ऑलिंपिकला जायचंय का?"

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली.

चाचणीच्या दिवशी बाबा खुर्चीतच राहणार होते. ते त्यांनीच ठरवलं होतं. "मी चढलो तर एकट्यालाच चाळीस सेकंद. मोजून बघितलंय मी, तुम्ही झोपला होतात तेव्हा. ज्या खेळाडूची वेळ लागत नाही त्याला संघात घेत नाहीत. थांबा तर मिळवा, माझं पुढे बघू." थांबा ज्याच्यासाठी हवा, तोच घरी. आई काही बोलली नाही. आई बोलत नाही तेव्हा सावध राहावं, हे मला कळायला हवं होतं.

सकाळी दहाला रिकामी गाडी आली. पांढरी, नवी, आतल्या सीटांवर अजून प्लास्टिक. फलाट आमच्या घराच्या अगदी समोर, त्यामुळे व्हरांड्यातून बाबांना सगळं दिसत होतं. मी एका बाजूला घड्याळ घेऊन, साहेब दुसऱ्या बाजूला. दार उघडलं. टेलरकाका तीरासारखे आत. बाबागाडी सरळ. कुणी कुणाला आग्रह केला नाही. आई शेवटची, मागे न बघता. दार बंद.

"सोळा," साहेब म्हणाले. मग स्वतःच्या घड्याळाकडे परत बघून, "सोळा?"

व्हरांड्यातून शिट्टी ऐकू आली.

दुसरी फेरी पंधरा. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ही वयस्क वस्ती कुणी लिहिली?" त्यांनी विचारलं. मी खाली बघितलं, कारण तो तक्ता आमच्याच विभागाचा होता.

तिसऱ्या फेरीला एक पोटकलम होतं, जे मला माहीत होतं आणि सांगायची परवानगी नव्हती: बारांमध्ये एक काठी घेऊन चालणारा प्रवासी हवा. त्यासाठी ऑफिसने आपला एक कारकून काठीसकट पाठवला होता. तो चांगला धडधाकट माणूस, फक्त हळू चालायला शिकवलेला. साहेबांनी त्याला फोन लावला.

"कुठे आहेस? ... गिरणीपाशी? ... कधीपासून? ... अरे, मग उतरून चालत ये! ... काठी राहू दे, चालत ये!"

फोन ठेवून साहेब म्हणाले, "काठीवाला रस्त्यात अडकलाय. तासभर तरी लागेल." अकरा वाजता चाचणीपुरती दिलेली तारेतली वीज बंद होणार होती. म्हणजे चाचणी अपुरी, आणि अपुरी म्हणजे नापास. ज्या वाहतुकीतून सुटायला लाइन बांधली, तिनेच लाइनचा गळा धरला होता. दुष्काळात तेरावा महिना.

"काठीवाला माणूस हवाय ना?" आई म्हणाली. "भाड्याचा कशाला? घरचा आहे की!"

आणि ती सरळ रस्ता ओलांडून व्हरांड्यात गेली. पुढचं सगळं फलाटावर स्वच्छ ऐकू येत होतं.

"उठा."

"वेड लागलंय का? चाळीस सेकंद लागतात मला."

"ते फळीवर. इथे फळी नाही, फलाट आणि गाडी एका पातळीत आहे. आणि बाकीचे अकरा जण बारा सेकंदांत चढतात. पंचवीसातून बारा गेले, किती उरले? पंधरा दिवस कुणासाठी सेकंद काढत होते मी? टेलरसाठी?"

बाबांनी काठीकडे हात नेला. मग म्हणाले, "शर्ट तरी बदलू दे."

"नको!" आई ओरडली. माझ्या आईने घरातून निघायची कुणाला तरी घाई केलेली मी जन्मात पहिल्यांदा ऐकली.

बाबा आले. काठी, आईचा दंड, आणि मध्ये तो हट्टी पाय. रस्ता ओलांडायला सहा मिनिटं लागली, पण ती मोजायची नव्हती. गल्लीतले लोक रांगेत उभे होते, आणि कुणीही "सर, आधी तुम्ही" म्हणालं नाही. तीच त्यांची खरी परीक्षा होती. बाबा शेवटून दुसरे, आई त्यांच्या मागे.

दार उघडलं. मी बटण दाबलं.

अकरा माणसं आत गेली तेव्हा घड्याळात बारा होते. बाबांनी काठी आत टेकवली. चौदा. डावा पाय आत. सोळा. उजवा पाय फटीपाशी थांबला. अठरा. एकोणीस. आतून टेलरकाकांनी हात पुढे केला, बाबांनी मान हलवून नको म्हटलं. वीस. पाय उचलला, टेकला. बाबा आत होते. पण दारातच. आईला चढायचं तर त्यांना आणखी एक पाऊल पुढे टाकायला हवं होतं, आणि त्यांच्या एका पावलाची किंमत मला माहीत होती. आईलाही. तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती. बावीस.

आईने त्यांचा दंड सोडला आणि एक पाऊल मागे आली.

"जा," ती म्हणाली.

दार मिटलं. चोवीस.

काचेपलीकडे बाबा वळले, शेजारी बघितलं, मग बाहेर बघितलं. त्यांनी काचेवर बोटं वाजवली, तोवर गाडी हलली होती. सव्वा वर्षात ते पहिल्यांदाच तिच्याशिवाय कुठेतरी निघाले होते. गाडी वळणाआड जाईपर्यंत आई बघत राहिली.

"चढले किती?" साहेबांनी विचारलं.

"काठीवाल्यासकट बारा," मी म्हणाले.

साहेबांनी घड्याळ माझ्या घड्याळाशी जुळवलं, चोवीस लिहिलं आणि खाली सही केली. तिन्ही आकडे अटीच्या आत. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "तुझ्या आई कमी बोलतात, नाही?"

गाडी पुढच्या थांब्यावरून वळून यायला चौदा मिनिटं होती. आई माझ्या शेजारी येऊन बाकावर टेकली. पदराने तोंड पुसलं, माझा हात धरला, आणि बाबांच्या खिशात रुमाल नाही इथपासून सुरुवात करून, दारात राहून गेलेला सगळा निरोप मला सांगायला लागली.