सूरजबाईची कढई

शिरपुरात सूरजबाईइतकी हट्टी बाई दुसरी नव्हती, आणि तिच्याइतकी मायाळूही नव्हती. हे दोन्ही गुण एकाच माणसात आले की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय करावं, सांगा! किराण्याचं दुकान दीर कैलासचंद चालवायचा, पण हुकूम चालायचा सूरजबाईचा. पाणी गाळून प्यायची, गाळण्यात अडकलेले जीव जपून परत विहिरीत सोडायची, आणि उजाडलं की कणकेच्या गोळ्या घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर जायची. तिथले मासे म्हणजे तिचा जीव की प्राण.

आता मासे काही तिचे नव्हते, हेमसिंगचे होते. स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. सरकारनं तळ्यातळ्यांत मासे पाळायची टूम काढली होती, आणि पलीकडच्या तांड्यावरच्या हेमसिंगनं अकोल्याच्या साहेबांकडून रोहू-कटल्याची बोटभर पिल्लं आणून या तळ्यात सोडली होती. ती वाढवायची आणि मोठी झाली की जाळं टाकून बाजारात न्यायची, हाच त्याचा धंदा. सूरजबाई चारायची पुण्यासाठी, हेमसिंग पाळायचा पोटासाठी. दोघांचं रोज भांडण व्हायचं, आणि भांडल्याशिवाय दोघांनाही करमायचं नाही.

त्या वर्षी पर्युषणात मात्र तिनं कमालच केली. हेमसिंगच्या दारात जाऊन उपाशी बसली. "महावीर जयंतीपर्यंत जाळं टाकणार नायी म्हण, मंगच उठीन मी."

हेमसिंगच्या बायकोनं, जमनाबाईनं, कपाळाला हात लावला. "द्या बाप्पा वचन! नायी तं ही बाई आपल्या दारात जीव देईन अन् नाव आपलंच खराब होईन."

हेमसिंगनं पोहरादेवीच्या सेवालाल महाराजांची आण घेतली. सूरजबाई गड जिंकल्यासारखी घरी गेली.

दिवाळी झाली, थंडी सरत आली. जाळं काही पडलं नाही आणि तळं माशांनी गच्च भरलं. मग एक नवल सुरू झालं. सूरजबाई पायरीवर उभी राहिली की मासे आ वासून वर यायचे. पाण्यावर नुसती तोंडंच तोंडं! सूरजबाईला आनंद मावेना.

"पाह्य वं जमने, कसे वळखतात मले! लेकरं मायजवळ येतात ना, तशे येऊन राह्यले." आणि तिनं गोळ्या दुप्पट केल्या.

जमनाबाई काठावर धुणं धूत होती. "वर येतात बाई, पण खात कुठं हायेत? गोळ्या तं खाली जाऊन सडून राह्यल्या. अन् दगडाले अंग काहून घासतात हे? म्हैस बाभळीले घासते तशे."

"तुले त्यायची माया पाहवत नायी," सूरजबाई फणकाऱ्यानं म्हणाली.

थोड्याच दिवसांत मेलेले मासे तरंगायला लागले. डोकं तेवढं मोठं आणि अंग वाळून काटकुळं झालेलं. हेमसिंगनं धावपळ करून अकोल्याच्या साहेबांना बोलावून आणलं.

साहेबांनी एका ताज्या मेलेल्या रोहूचा कल्ला उचलला. कल्ला कसा लालभडक असायला हवा, तर हा फिकट पडलेला आणि शेंबडासारख्या चिकट थरानं माखलेला. साहेबांनी भिंग धरलं आणि सूरजबाईला वाकून बघायला लावलं. दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारखे किडे कल्ल्यात वळवळत होते. ती चटकन मागं सरली.

"मासा श्वास घेतो तो कल्ल्यांनी," साहेब म्हणाले. "हे किडे आकडे रुतवून तिथंच चिकटतात. मग मासा गुदमरतो आणि वर येऊन तोंड उघडतो. असे किडे थोडेफार कुठल्याही तळ्यात असतात. पण मासे दाटीवाटीनं राहिले, पाणी घाण झालं, की एकाचे किडे दुसऱ्याला सहज लागतात." त्यांनी तळ्यावर नजर फिरवली. "एवढी गर्दी कशी झाली रे? यंदा जाळं नाही टाकलं?"

हेमसिंग मान खाली घालून उभा राहिला. त्यानं सूरजबाईकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच तिला फार लागलं.

साहेबांनी उपाय सांगितला. गोळ्या बंद. जाळं टाकून मोठे मासे काढायचे, लहान मासे मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवायचे, कलंडायला लागले की लगेच उचलून चांगल्या पाण्यात सोडायचे. मिठानं किडे गळून पडतात.

"गळून पडतात म्हंजे मरतात?" सूरजबाईनं विचारलं.

"मरणारच. त्यासाठीच तर मीठ."

"मंग मी हो कशी म्हणू साहेब? तेबी जीवच हायेत."

साहेब टेकीला आले. "बाई, तुम्ही माशांच्या बाजूच्या की किड्यांच्या?"

सूरजबाई एकदा भिंगाकडे, एकदा तळ्याकडे पाहू लागली. हेमसिंगच हळू आवाजात म्हणाला, "राहू द्या साहेब. मी आन घेतली हाय. जयंतीपर्यंत जाळं टाकणार नायी. गेले तं गेले मासे." त्याची सगळी वर्षाची मेहनत त्या पाण्यात होती. साहेब हात झटकत बस पकडायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूरजबाई तळ्यावर गेली. एक रोहू पार पायरीला येऊन टेकला. साहेबांनी नको म्हटलं होतं, पण राहवेना म्हणून तिनं एक गोळी त्याच्या तोंडाशी धरली. त्यानं ती घेतलीच नाही. तोंड उघडत होतं, मिटत होतं, कल्ले फुगत होते. तिच्या हाताशी असून त्याचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. त्याला फक्त हवा पाहिजे होती.

"अवं माय! अन् मी याले माया समजून राह्यली होती!" सूरजबाई मटकन पायरीवर बसली आणि पोटभर रडली. मग तोंड पुसून तरातरा तांड्यावर गेली.

"हेमसिंग, तुही आन मी सोडवली. टाक जाळं."

"अन् पाप, बाई?"

"ते माह्यं. मीठ माह्या दुकानातलं ने, कढई माह्या घरची. ऊठ ना आता, कायले बसून राह्यला?"

कढई म्हणजे लग्नकार्यात बुंदी पाडायची ती भलीमोठी लोखंडी कढई. ती बैलगाडीतून तळ्याच्या काठावर आली, तिच्यात पाणी आलं, पोतंभर मीठ आलं, आणि जाळ्यातले मासे आले. आता हे पाहून गावानं काय समजावं? सूरजबाई मासे रांधून राह्यली, अशी बोंब बाजारपेठेपर्यंत गेली. कैलासचंद धोतर सावरत धावत आला.

"वयनी! आपल्या कढईत मासे? अन् वरून मीठ?"

"खाली चूल कुठं हाय रे बह्याडा? आला तं आता हात लाव, पाणी बदलून दे."

बिचारा कैलासचंद बादल्या वाहू लागला. कढईतले लहान मासे चांगल्या पाण्यात धुऊन परत तळ्यात जाऊ लागले. मोठे मासे टोपल्यांत भरून बाजाराकडे निघाले तेव्हा सूरजबाई तिकडे पाठ करून बसली. डोळे गळत होते, पण थांब म्हणाली नाही. मग कढईजवळ येऊन हात जोडले आणि णमोकार मंत्र म्हणू लागली.

"माशांसाठी म्हणून राह्यल्या का बाई?" हेमसिंगनं विचारलं.

"नायी रे. मासे तं जगतीन. किड्यांसाठी."

हेमसिंगनं डोक्याचं पागोटं काढून काखेत धरलं.

पंधरा-वीस दिवसांनी साहेब पुन्हा आले, कल्ले उचलून पाहिले, छान लाल झालेत म्हणाले. दुसऱ्या दिवशी सूरजबाई रिकाम्या हातानं तळ्यावर गेली. पाणी नितळ होतं, हलतसुद्धा नव्हतं. एक तोंड वर आलं नाही. ती कितीतरी वेळ वाट पाहत उभी राहिली.

"एकबी नायी आला वं भेटाले," ती म्हणाली.

"हाक मारा ना बाई," जमनाबाई धुण्याच्या दगडावरून म्हणाली. "तुमचा आवाज वळखतात ना ते!"

सूरजबाईनं पदरानं डोळे पुसले. मग एकदम हसू फुटलं तिला. पायरीवर वाकून ती साऱ्या तळ्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "येऊ नका रे! खालीच राहा माह्या लेकरांनो, वर येऊ नका!"