कांताबाईच्या पोळीतला ळ

मी एक जुनी पितळी परात आहे, आणि ज्या दुकानाला कधी पाटी नव्हती, त्याची हाक मीच होते. मित्रांनो, ही बढाई नाही. भिलाईच्या सेक्टर सहाच्या मागच्या गल्लीत माझा आवाज घुमला की सायकलवरून घरी निघालेली माणसं ब्रेक दाबत.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कासाराने ठोकून ठोकून मला गोल केलं आणि काठावर ‘चि. कांता’ असं नाव पाडलं. रामाजींनी आपल्या लेकीच्या लग्नात मला दिलं. आगगाडीत कांताने मला मांडीवर घेतलं आणि आम्ही दोघी दुर्गला उतरलो. तिचा नवरा शामराव भिलाईच्या पोलाद कारखान्यात होता. कंपनीच्या क्वार्टरमध्ये मला पहिली जागा मिळाली ती खाटेखाली, कांद्यांच्या शेजारी.

तिथून मला बाहेर काढलं ते चौदा एप्रिलच्या जेवणाने. विहाराच्या अंगणात कांता लांब पोळ्या करायला बसली. ज्यांनी ही पोळी पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगते. कणीक अगदी सैल भिजवायची आणि उचलून माझ्या अंगावर आपटायची. धप्प, धप्प, धप्प! आपटल्याशिवाय तिला तार सुटत नाही. मग गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत ताणायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद टाकायचा. धोतराच्या पदरासारखी पातळ, लांबच लांब पोळी. त्या दिवशी पंगत उठेना. दुसऱ्याच आठवड्यात शेजारची नलू दारात उभी राहिली. म्हणाली, “वहिनी, आमच्याकडे पाव्हणे येऊन राहिले. पोळ्या करून देता का?”

धंदा असा सुरू झाला. कुणी ठरवला नाही, कुणी नारळ फोडला नाही.

त्या वर्षांत कांता जे शिकली, ते मी तिच्या हाताखाली राहून शिकले. मडकं घेताना ती बोटाने वाजवून बघायची. चांगलं दिसणारं नाही, चांगलं वाजणारं घ्यायची. सकाळची कणीक संध्याकाळी कधी वापरली नाही. लग्नसराईत लोक हातापाया पडायचे, तरी झेपेल तेवढंच काम घ्यायची. शामराव चिडवायचे, “लक्ष्मी दारात आली अन् तू तिले वापस पाठवून राहिली!” ती म्हणायची, “हात दुखेपर्यंत घ्यावं, हात मोडेपर्यंत नाही. लक्ष्मी उद्या पण येते. हात उद्या कुठून आणू?”

मधे माझेही वाईट दिवस आले. शामराव निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, दुर्गजवळ बोरसीला स्वतःचं घर झालं. मुलगा प्रफुल आईसाठी हलकी स्टीलची परात घेऊन आला आणि मी सिलिंडरमागे गेले. माझ्यावर हिरवट डाग चढले. पण दोनच दिवसांत गिऱ्हाइकं विचारू लागली, “अम्मा, दुकान बंद था क्या? आवाज़ नहीं आया.” स्टीलवर कणीक आपटली की नुसतं पत्र्यासारखं वाजायचं. कांताने मला काढलं, चिंच लावून घासलं आणि प्रफुलला म्हणाली, “तुह्या परातीत चिवडा भर.”

सगळं असं मनासारखं चाललं, तरी एक काटा तिच्या मनात राहिला होता. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, “दस रुमाली दे दो.” कांता सांगायची, “रुमाली नाही बाबू, लांब पोळी.” तो हसायचा, मान डोलवायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा रुमालीच मागायचा. सून रीना सुद्धा फोनवर तेच नाव सांगायची. कांता एकदा शामरावांना म्हणाली, “मी गेल्यावर पोळी राहीन जी, पण दुसऱ्याच्या नावानं राहीन.”

गेल्या उन्हाळ्यात धर्मेंद्रने तिला भिलाईच्या एका मोठ्या लग्नात बोलावलं. आसपासच्या निम्म्या लग्नांच्या जेवणाचा ठेका त्याच्याकडे असतो. त्याच्याकडे नाव झालं की वर्षभराची चिंता नाही. आम्ही पोचलो. चूल पेटली, मडकं तापलं, पहिला गोळा माझ्यावर आपटला. तेवढ्यात कांताचं लक्ष समोरच्या पुठ्ठ्याकडे गेलं. ‘रुमाली रोटी.’

तिचे हात थांबले.

“हे कोणं लिहिलं?”

“मैंने, अम्मा,” धर्मेंद्र म्हणाला. “लांब-वांब पब्लिक को समझ में नहीं आएगा. काउंटर खाली रहेगा, तो नुकसान आपका ही है.”

“रुमालानं लोकं नाक पुसतात. माह्यी पोळी खाची आहे. हे बदल, नाही तं मी चूल विझवतो.”

रीना तिच्या कानाशी लागली. “आई, जाने दो न. एवढ्या मोठ्या पार्टीशी कावून भांडता? पुढची सगळी लग्नं जातील.”

“जाऊ दे.”

कांता हात पुसून बसून राहिली. माझ्यात कणीक पडून होती आणि समोर रांग वाढत होती. धर्मेंद्र घड्याळ बघत होता. रांगेतल्या एका मुलीने रीनालाच विचारलं, “दीदी, ये रुमाली है न?”

रीनाने सासूकडे पाहिलं. सासू तिच्याकडे पाहत नव्हती, मडक्याकडे पाहत होती.

“नहीं,” रीना म्हणाली. “रुमाली नहीं है.”

तिने पुठ्ठा उचलला, उलटा केला, चुलीच्या कडेचा विझलेला कोळसा घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: लांब पोळी.

“लांब मतलब लंबी?” धर्मेंद्र वैतागून म्हणाला. “कितनी लंबी?”

“नाप लेना, भैया!”

रांग हसली. त्या मुलीने शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं. “ये कौन-सा अक्षर है?” मागून कुणी ‘ल’ म्हणालं, कुणी ‘ड’. तेव्हा रांगेतले एक तेलुगू आजोबा पुढे आले आणि जीभ टाळूला लावून स्वच्छ म्हणाले, “पोळी. अरे, ये आवाज़ तो हमारे यहाँ भी है!” मग काय, सगळी रांग जिभा वळवायला लागली. पोडी, पोली, पोल्डी! कांता पदर तोंडाला लावून हसत होती. हसता हसताच ती सरकली आणि रीनाला म्हणाली, “लिहिलं तूनं. आता कर पण तूच.”

रीनाने बाह्या सारल्या आणि पहिल्यांदा माझ्यावर कणीक आपटली. धप्प. आवाज जरा कच्चा होता, पण माझाच होता. तिची पहिली पोळी फाटली. दुसरी त्या मुलीने खाल्ली.

धर्मेंद्रने पुढच्या लग्नासाठी रंगवलेली पाटी आणली. तिच्यावर ‘लांब पोली’ असं होतं. रीनाने ती परत पाठवली. तो कुरकुरला, पण त्याने ती बदलून आणली. आता त्याच्या प्रत्येक मांडवात रीनाचा एक नियम चालतो: जो ‘पोळी’ बरोबर म्हणेल, त्याला मडक्यावरची पहिली गरम. छत्तीसगढी, बंगाली, पंजाबी पोरं आरशासमोर तयारी करून येतात म्हणे. कांता खुर्चीवर बसून परीक्षा घेते, आणि नापासांनाही वाढते.

मित्रांनो, जुनी भांडी घरात असतील तर घासत जा; पितळेवर हात फिरत राहिला पाहिजे. आणि आजीच्या हातचं काही चांगलं शिकलात, तर खुशाल विका, दूर दूर पोचवा. फक्त त्याला त्याच्याच नावाने हाक मारा. ऐकणाऱ्याची जीभ वळायला थोडा वेळ लागतो, पण वळते. मी या कानांनी ऐकलं आहे.