अर्जातलं एक वाक्य

पाना मानेवर बसला तेव्हा ट्रकचा ड्रायव्हर गुडघे टेकून वाकलेला होता. दयानंदने तो लोखंडी पाना फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानासमोरून उचलला होता आणि दोनशे पावलं पळत आणला होता. दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा कुठे बसला ते त्यालाही कळलं नाही. समोर उलटलेली टमटम होती, तिच्याखालून ओढून काढलेली त्याची वर्षाराणी होती, आणि तिच्या डाव्या पायाचं जे झालं होतं ते बापाने बघण्यासारखं नव्हतं. ड्रायव्हरचे हात कोपरापर्यंत रक्ताने माखले होते.

“माझी पोर! माझी पोर!” एवढंच दयानंद ओरडत होता.

मग गाव आलं. दगड आले, चपला आल्या, काठ्या आल्या. ड्रायव्हर दोनदा उठला आणि दोन्ही वेळा खाली पाडला गेला. सटवाजी नावाच्या भावकीतल्या म्हाताऱ्याने ट्रकच्या टाकीचं झाकण काढलं आणि कुणीतरी काडी ओढली. तुरीच्या डाळीने भरलेला तो ट्रक तासभर जळत होता. करपलेल्या डाळीचा वास पुढे दोन दिवस फाट्यावरून हलला नाही.

टमटमवाला जागीच गेला होता. ड्रायव्हर उदगीरचा, रियाज नावाचा. तो तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. वर्षाराणी वाचली, पण पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. पोलिसांनी शंभर अनोळखी इसमांवर खुनाचा आणि जाळपोळीचा गुन्हा लिहिला. चौकशी सुरू झाली तेव्हा कळलं की त्या सकाळी गावात माणूसच नव्हता. कुणी शेतात होतं, कुणी सासुरवाडीला, आणि चारपाच जण म्हणे माहूरला देवीला गेले होते.

आता या शहाणपणाला काय म्हणावं? भूकंपात हेच गाव झोपेत गाडलं गेलं होतं. पंचनाम्याशिवाय काही मिळत नाही, हे तेव्हापासून इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दयानंदने तर पाच वर्षांच्या वर्षाराणीला नखं फुटेस्तोवर माती उकरून बाहेर काढलं होतं, आणि नंतर महिनाभर तो कागद घेऊन तहसीलच्या पायऱ्या झिजवत होता. त्याच गावाने बारा वर्षांनी पंचनाम्याच्या आधी अख्खा ट्रक पेटवून दिला.

गुरुपादप्पा वकिलांनी हे तोंडावर सांगितलं. लातुरात त्यांचं ऑफिस क्लासेसच्या गल्लीत होतं. खिडकीबाहेर गेल्या वर्षी डॉक्टरकीला लागलेल्या पोरापोरींचे फोटो ओळीने टांगलेले होते. वर्षाराणी दर सोमवारी याच गल्लीत क्लासला यायची. आता ती कुबड्या भिंतीला लावून बसली होती.

“गाडीचा नंबर, विम्याचा कागद, ड्रायव्हरचं लायसन, हे आधी बघायचं असतं,” वकील म्हणाले. “पोलीस येईपर्यंत गाडी जागची हलू द्यायची नाही. बघणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची. मालकाचा माणूस गोड बोलत कागद घेऊन आला तर सही करायची नाही. आणि तुम्ही काय केलं? काडी लावली!”

“म्या शेतात व्हतो,” दयानंद म्हणाला.

“हाव. सगळेच शेतात होते. म्हणून तर तुमच्याकडं साक्षीदार न्हाई.”

जळक्या ट्रकच्या चासीवरच्या नंबरावरून विमा कंपनी सापडली होती. पण चूक टमटमवाल्याची, असं कंपनीचं म्हणणं होतं. खरं सांगणारी एकटी वर्षाराणी उरली होती. भरपाई मिळाली तर चांगला पाय बसवता येणार होता, बारावी पुन्हा धरता येणार होती. नाही मिळाली तर तिचा जन्म गावातल्या पत्र्याच्या घरात, दारात बसून जाणार होता. दयानंदला रात्रंदिवस तेवढंच दिसायचं.

वकिलांनी अर्ज वाचून दाखवला. ट्रक पुढच्या टेम्पोला ओलांडताना चुकीच्या बाजूला येऊन टमटमवर आदळला, हे त्यात बरोबर लिहिलं होतं. पुढे होतं: ‘सदर चालक जखमीस कोणतीही मदत न करता पळून जात असता जमावाने त्यास पकडले.’

“हे खोटं हाय,” वर्षाराणी म्हणाली.

“हे सगळ्याच अर्जांत असतं, पोरी. मी वीस वर्षं लिहून राहिलोय.”

“तो पळत नव्हता. त्यानंच मला ओढून काढलं. गळ्यातला रुमाल सोडून माझ्या मांडीला आवळून राहिला होता. ‘आँख बंद मत कर, बेटी’ म्हणून राहिला होता.” ती बापाकडे न बघता बोलत होती. “दवाखान्यात डॉक्टर म्हणले ना, पाय ज्यानं बांधला त्यानं जीव वाचवला.”

दयानंद उठला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन तारखा वाचत उभा राहिला. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली.

गुरुपादप्पांनी पेन खाली ठेवलं. “पळत नव्हता, तर लोकांनी मारलं कशासाठी? पहिला हात कुणी टाकला? कोर्ट हे विचारणारच. तुला दिसलं?”

वर्षाराणीने भिंतीजवळची कुबडी ओढून मांडीवर घेतली. वकिलांनी कॅलेंडरसमोरच्या पाठीकडे बराच वेळ बघितलं.

“मग धडक बसल्याबरोबर शुद्ध गेली, असं सांगायचं,” ते हळूच म्हणाले. “दावाही राहील, बापही राहील.”

वर्षाराणीने अर्जावर आणि त्याच्या जोडीच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली.

तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात एक बुरख्यातली बाई त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. रियाजची बायको हसीना. मेलेल्या ड्रायव्हरची वारस म्हणून तिलाही नोटीस गेली होती. तिने वर्षाराणीच्या डोक्यावरून हात फिरवला.

“बेटी, मला तुझ्या पैशाशी काही घेणं न्हाई. एकच सांग. ते पळून चालले होते का? मातीला माणसं आली, पण मान खाली घालून आली. माझ्या लेकाला शाळेत पळपुट्याचा म्हणतात.”

वर्षाराणीचे ओठ हलले, पण तेवढ्यात आत पुकारा झाला. दयानंदने तिला कुबड्या दिल्या. त्याला हसीनाच्या तोंडाकडे बघवलं नाही.

हसीनाही मागोमाग आत येऊन बसली. कंपनीच्या वकिलाने कागद उलटसुलट केले आणि विचारलं, “प्रतिज्ञापत्रात लिहिलंय ते सगळं खरं आहे?”

न्यायाधीशांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. वर्षाराणीने मागच्या बाकाकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर दयानंदला सोपं गेलं असतं. पोर त्याला सांभाळून घ्यायला निघाली होती.

“धडक बसली,” ती म्हणाली, “आणि मग माझी...”

“साहेब, थांबा.” दयानंद उभा राहिला होता. “तिला ते बोलायला लावू नका.”

गुरुपादप्पांनी मागे येऊन त्याचा सदरा ओढला. “खाली बस. येडा झालास का?”

“तुम्ही कोण?” न्यायाधीशांनी विचारलं.

“तिचा बाप.”

“अपघात झाला तेव्हा तिथे होता?”

“अण्णा, नगं,” वर्षाराणी म्हणाली.

दयानंदने न्यायाधीशांकडे बघितलं नाही. तो हसीनाकडे वळला आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून बोलला.

“हाव. व्हतो. तुमचा माणूस पळत न्हवता, बाई. माझ्या लेकीचा पाय बांधून राहिला व्हता. म्या मागून मारलं.”